कॅप्टनच्या नावाचं कार्ड

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या नवऱ्याच्या नावानं टपाल आलं. त्याला जाऊन तीन वर्षं झाली होती.

जाड, चकचकीत कार्ड होतं. एका बाजूला आमच्या ईस्ट कॉर्विन गावचा लाकडी पूल आणि मागे बर्फाची टेकडी. दुसऱ्या बाजूला लोविना थेअरचा हसरा फोटो, त्याखाली ठसठशीत अक्षरं: 'तुमची शेजारीण लोविना सांगतेय, निवडणुकीतल्या पैशाला लगाम घाला. कलम एकोणीसला होय म्हणा.' तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत 'निर्मळ झरा नागरिक मंच' असं नाव, आणि कुठल्याशा दूरच्या शहरातली टपालपेटी. पत्ता माझ्या घराचा. नाव, कॅप्टन ऑर्विल विनस्लो.

रस्त्याच्या कडेला मी उभी होते, एक बूट बर्फात, एक चिखलात. व्हरमाँटातला मार्च असाच येतो, अर्धा इकडे अर्धा तिकडे. कुंपणाजवळच्या मेपलना बादल्या टांगलेल्या होत्या आणि रस टपटपत होता. ऑर्विल असता तर बादलीत डोकावून गुणगुणला असता,

थेंबा रे थेंबा, उतर हळू,
वाऱ्याला तुझं येणं नको कळू.

मी कार्ड कोटाच्या आत घातलं. छातीशी धरलं म्हणा ना. आणि घराकडे चालता चालता, दहा पावलांतच, मनात पहिला काटा रुतला. लोविना.

कारण ऑर्विलचं नाव मतदारयादीतून लोविनानंच खोडलं होतं, माझ्यासमोर. बावीस वर्षं ती गावची क्लार्क, गावानं निवडलेली, मतदारयादी आणि दप्तर सांभाळणारी. दफन झाल्यावर पंधरा दिवसांनी मी मृत्यूचा दाखला घेऊन तिच्या ऑफिसात गेले, तेव्हा तिनं नावाखाली पट्टी धरली आणि लाल शाईनं रेघ ओढली. इतकी सावकाश, की जणू झोपलेल्या माणसावर पांघरूण ओढतेय. मग वही मिटून तिनं चहा ठेवला होता. त्या नावाला आज कार्ड येतं, आणि त्याच कार्डावर तिचा फोटो. म्हणजे दुसरी कुठलीतरी, जुनी, न खोडलेली यादी आहे. आणि ती कुणाच्या तरी हातात गेली आहे.

कलम एकोणीस लोविनाचंच होतं. मार्चच्या पहिल्या मंगळवारी आमची गावसभा भरते आणि त्यात गाव हात वर करून आपले निर्णय घेतं. पुरेशा सह्या जमवल्या तर कुणालाही आपलं कलम सभेपुढे आणता येतं. लोविनानं सुट्टीचे दिवस धरून ऑक्टोबरभर दारोदार फिरून सह्या गोळा केल्या. मागणी अशी, की देशाची राज्यघटना दुरुस्त करावी आणि निवडणुकीत ओतल्या जाणाऱ्या पैशावर मर्यादा घालायची मुभा सरकारला द्यावी.

"त्यासाठी थेट घटना कशाला बदलायची?" मी दारात विचारलं होतं.

"कारण कोर्ट म्हणतं, पैसा खर्च करणं म्हणजे बोलणं. बोलण्याला मर्यादा नाही, म्हणून पैशालाही नाही. साधा कायदा केला की कोर्ट तो उडवतं." तिनं पेन माझ्या हातात दिलं. "हे बघ हेस्टर, आपल्या सभेत अध्यक्ष म्हणून क्लेटन प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं देतो की नाही? लाकूडगिरणीच्या मालकाला तीन आणि मलाही तीन. त्यानं आजवर कुणाचं तोंड बंद झालंय?"

"हायरमचं झालं असतं तर बरं होतं," मी म्हटलं, आणि हसत हसत सही केली.

आता तोच हायरम बूथ माझ्या स्वयंपाकघरात टोपी हातात घेऊन उभा होता. शेजारच्या गोठ्याचा मालक. बूट दाराबाहेर काढून आला होता, आणि एका मोज्यातून अंगठा बाहेर आला होता.

"तुलाही आलं?" त्यानं आपलं कार्ड टेबलावर टाकलं.

मी कोटातून माझं काढलं. नाव वाचून तो हळूच म्हणाला, "हे मात्र वाईट केलं हां."

"कुणी?"

"ते मी सांगू? आख्ख्या गावाला आलंय. एवढी छपाई, एवढं टपाल. पैशाविरुद्ध बोलायला हिला पैसा कुठून आला?"

"लोविना सगळ्यांना सांगतेय, तिला माहीत नाही. फोटोही वर्तमानपत्रातून उचललाय म्हणते."

"म्हणणारच. मी गेलो होतो ऑफिसात. यादी कुणाला दिलीस, विचारलं. म्हणाली, यादी कुणीही मागू शकतं, मागणाऱ्याचं नाव मी वहीत लिहिते, या वर्षी कुणी मागितलीच नाही. मी म्हटलं, बाई, वहीत तूच लिहितेस आणि वही तूच ठेवतेस."

"मग?"

"मग काय, दार दाखवलं मला." तो खुर्चीवर बसला. "हेस्टर, मतं मोजणारी बाई आहे ती. तिच्यावर भरवसा नसेल तर आपण हात तरी कशाला वर करायचे? सभेत क्लार्कसाठी मी जोलीनचं नाव सुचवणार आहे. शाळेची बस चालवते, एकही पोर कधी हरवलं नाही तिनं. तू अनुमोदन दे. मी एकट्यानं सुचवलं तर लोक म्हणतील, हायरमचं नेहमीचंच. तू उभी राहिलीस तर ऐकतील."

मी खिडकीबाहेर पाहिलं. तिथून लोविना मेपलचा रस आटवून पाक करते त्या भट्टीची वाफ दिसते, टेकडीच्या कुशीतून वर येणारी, पांढरी, गोड. तीस वर्षं मी ती वाफ पाहिली की केटली ठेवते, आणि अर्ध्या तासात लोविना दारात असते. तिच्याशिवाय माझी सकाळ कशी असते ते मला ठाऊकच नव्हतं.

"देईन," मी म्हटलं.

त्यानंतरच्या आठवड्यात गावात एक विचित्र शांतता पसरली. दुकानात लोक कार्ड उलटसुलट करून पाहायचे आणि लोविना आत आली की कार्डं खिशात जायची. कुणी तिला टाकून बोललं नाही. आमच्याकडे कुणी टाकून बोलत नाही, फक्त हवामानाबद्दल जरा जास्त बोलतात.

शनिवारी ती माझ्याकडे आली, नव्या पाकाचा डबा घेऊन. पहिल्या उकळीचा, फिका, मधासारखा. मी तिला बसवलं. रात्री थंडी आणि दिवसा ऊन, रस चांगला उतरतोय, असं बोलले. कार्ड फळीवर, पिठाच्या डब्यामागे होतं. तिथं पाहायचं नाही म्हणून मी सारखी दुसरीकडे पाहत होते, आणि मी कुठे पाहत नाही ते ती पाहत होती.

उठताना तिनं हातमोजे चढवले. "हेस्टर, तुला मला काही विचारायचंय का?"

"नाही गं. काय विचारायचं?"

"बरं," ती म्हणाली. पाकाचा डबा तिथंच ठेवून गेली.

मंगळवारी सकाळी सभेच्या जेवणाची तयारी माझ्याकडे होती. घेवड्याचं भांडं कोण आणणार, काळा पाव कोण, ॲपल पाय कोण, हे सगळं मी एका जुन्या निळ्या वहीत लिहिते. ती वही खरं तर गावभेटीची. ऑगस्टमध्ये गाव सोडून गेलेली माणसं एका दिवसापुरती परत येतात, त्यांना आमंत्रणं पाठवायला गावातल्या नि गावाबाहेरच्या सगळ्यांची नावं मी त्यात ठेवलीत. वही उघडली. 'व' च्या पानावर बोट फिरत आलं.

'कॅप्टन ऑर्विल विनस्लो आणि हेस्टर.'

माझंच अक्षर.

ऑर्विल कुठल्याही सैन्यात कॅप्टन नव्हता. एका गावभेटीला घोडागाडीवर बसून त्यानं मिरवणूक थेट तळ्यात नेली होती, तेव्हापासून मी त्याला कॅप्टन म्हणायचे. सरकारच्या कुठल्याच कागदावर हे नाव नाही. लोविनाच्या यादीत तर नाहीच. ते फक्त या पानावर होतं आणि माझ्या जिभेवर. इतकी वर्षं कानात मुरलेलं, की कार्डावर वाचताना खटकलंच नाही. गावाबाहेरच्या कुणी वाचलं असतं तर पहिलं तेच विचारलं असतं.

आणि नाव खोडलेलं नव्हतं. लोविनाच्या वहीत मी त्याला जाऊ दिलं. माझ्या वहीत माझ्याच्यानं झालं नव्हतं.

मग ती मुलगी आठवली. सह्यांच्या दिवसांतच आली होती, ऑक्टोबरच्या शेवटी, पिवळा रुमाल, गोड आवाज. लहान गावांच्या गावभेटींवर पुस्तक करतेय म्हणाली. मी तिला सफरचंदाचा गरम रस दिला, डोनट दिले. तिनं विचारलं, हे कॅप्टन कोण? आणि मी तासभर बोलले. तीन वर्षांत त्याच्याबद्दल मला कुणी इतकं विचारलं नव्हतं. लोकांना वाटतं, विचारलं तर बाईला रडू येईल. ती मान डोलवत ऐकत होती, आणि खिडकीच्या उजेडात वहीचं एकेक पान फोनमध्ये टिपत होती. जाताना तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला.

ती खरंच पुस्तक लिहीत असेल, आणि तिचे फोटो पुढे कुणी विकत घेतले असतील. किंवा तिला धाडलंच त्यासाठी असेल. तो पिवळा रुमाल आता मला कुठल्याच रंगाचा दिसेना.

सभागृहात सव्वाशे माणसं होती. ओल्या लोकरीचा वास, मागच्या बाकांवर विणकाम. व्यासपीठावर क्लेटन पीज, आमचा सभाध्यक्ष, आणि त्याच्यापुढे कोंबडीच्या आकाराचं, अंडी उकडायचं घड्याळ. बाजूच्या टेबलावर लोविना इतिवृत्त लिहायला बसली होती, पाठ ताठ.

क्लार्कची निवड म्हणजे एरवी अर्ध्या मिनिटाचं काम. कुणीतरी लोविनाचं नाव घेतं, कुणीतरी अनुमोदन देतं, दुसरं नाव येत नाही, सगळे होय म्हणतात. या वर्षीही तिचं नाव आलं. मग हायरम उभा राहिला.

"अध्यक्षमहाराज, मी जोलीन पाइकचं नाव सुचवतो."

विणकामाच्या सुया थांबल्या. लोविनानं ते नाव लिहिलं. तिला लिहावंच लागतं.

"अनुमोदन?" क्लेटननं विचारलं.

हायरम माझ्याकडे पाहत होता. मी उठले. वही छातीशी धरली होती.

"नाव सांगा," क्लेटन म्हणाला. शाळेत माझ्या शेजारी बसायचा, पण सभेत नाव सांगावंच लागतं.

"हेस्टर विनस्लो. मी अनुमोदन द्यायला उठले नाही. मला बोलायचंय."

"निवडीसंबंधी असेल तर बोला." त्यानं कोंबडीची मान पिरगळली. घड्याळ टिकटिकू लागलं.

"हायरमनं विचारलं होतं, यादी कुणी दिली. मी दिली." माझा आवाज मलाच परका वाटला. "लोविनाची नाही, ही. गावभेटीची. ऑक्टोबरात एक मुलगी आली, तिनं पानांचे फोटो काढले आणि मी काढू दिले. तुमच्या कार्डांवरची नावं पाहा. मर्टल, तुझ्या कार्डावर 'वरच्या मजल्यावरची' असं आहे ना? ते मी लिहिलंय, टपाल चुकू नये म्हणून."

मर्टलनं पिशवीतून कार्ड काढलं, चष्म्यापुढे धरलं. "आहे की," ती म्हणाली. "मी तर रागावले होते, मला वरच्या मजल्यावरची म्हणणारं कोण म्हणून."

थोडी माणसं हसली. हायरम हसला नाही.

"अध्यक्षमहाराज, आपल्यामार्फत विचारतो. बाईंना हे आजच कसं कळलं? आठवडाभर कार्ड घरात होतं. मैत्रिणीची खुर्ची जातेय म्हटल्यावर कळलं का?"

तो खोडसाळपणा नव्हता. त्याच्या जागी मीही हेच विचारलं असतं. मी वही उघडली.

"माझ्या कार्डावर ऑर्विलचं नाव आहे. कॅप्टन ऑर्विल. सरकारी यादीतून तो तीन वर्षांपूर्वी गेला, लोविनानं माझ्यासमोर खोडला. तो अजून ज्या यादीत आहे ती एकच, आणि ती माझी आहे." पुढचं म्हणायला मला श्वास घ्यावा लागला. "मला तो खोडता आला नाही. म्हणून तुम्ही आठवडाभर लोविनाकडे असं पाहिलंत. मीही पाहिलं."

कोंबडी वाजली. क्लेटननं ती पटकन हाताखाली दाबली.

"मग छपाईचा पैसा कुणाचा?" शेवटी हायरमनं विचारलं. यावेळी त्यानं अध्यक्षांकडे पाहिलंच नाही, सरळ मला विचारलं.

"मला माहीत नाही."

"क्लेटन, आपल्याला विचारता येईल का त्या निर्मळ झऱ्याला?"

"विचारता येईल. सांगायलाच हवं असं त्यांच्यावर काही बंधन नाही. माझ्या माहितीप्रमाणे."

"म्हणजे माझ्या घरात पत्र टाकणारा कोण, हे मला कळायची सोय नाही."

"दिसत तरी नाही."

हायरम खाली बसला. जोलीनच्या नावाला दुसऱ्या कुणीतरी मागच्या बाकावरून अनुमोदन दिलं. संशय एकदा घरात शिरला की माफी मागून लगेच निघत नाही. सात जणांनी मागणी केली, म्हणून कागदी मतं पडली. जुन्या लाकडी पेटीत एकेकानं चिठ्ठी टाकली, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा लोविनाला मोजणीच्या टेबलापासून दूर, खिडकीपाशी बसवलं गेलं. ती बाहेर चिखलात उभ्या गाड्यांकडे पाहत होती. माझ्याकडे एकदाही वळली नाही.

लोविना चौसष्ट, जोलीन सत्तावन्न.

जेवणाच्या सुट्टीत मी घेवडा वाढत होते. ती ताट घेऊन समोर आली.

"तू विचारायचं होतंस," ती म्हणाली. "मी शनिवारी तुझ्या दारात उभी राहून सांगितलं, विचार."

"भीती वाटली."

"कशाची?"

"तू हो म्हणशील याची. मग मी काय केलं असतं?"

तिनं ताट पुढे केलं. मी वाढलं. "थोडं कमी," एवढंच म्हणून ती पुढे गेली.

कलम एकोणीस दुपारी उशिरा आलं. लोविना आपली तीन मिनिटं बोलली, टेबल सोडून, बाकीच्यांसारखी खाली उभी राहून. चांगली बोलली. पण तिनं 'पैसा' म्हटलं की लोकांचे हात नकळत खिशातल्या कार्डाकडे जात होते, हे मी पाहिलं. मग हायरम उठला.

"मला पैशाचा भरवसा नाही," तो म्हणाला. "ज्यानं हे कार्ड पाठवलं तो सापडला तर मी त्याला माझ्या शेणाच्या खड्ड्यात उभा करीन. पण घटना म्हणजे घराचा पाया. लगाम घालायला म्हणून तो एकदा उकरला, की लगाम कुणाच्या हातात जाईल? आज गिरणीवाल्याच्या पैशाला, उद्या माझ्या तोंडाला. माझं मत 'नाही'ला."

"तुझ्या तोंडाला तर मी आजच तीन मिनिटांचा लगाम घातलाय," क्लेटन म्हणाला, "आणि तीन मिनिटं संपली."

या वेळी सगळे हसले. मग उभं राहून मतं दिली गेली, आणि कलम चार मतांनी पडलं.

घरी येताना मी तेच घोळवत होते. कार्ड 'होय म्हणा' सांगत होतं, आणि त्या कार्डामुळेच गाव 'नाही' म्हणालं. मग ते पाठवणाऱ्याला होय हवं होतं की नाही हवं होतं? ज्याला गावाची इतकी माहिती होती, त्याला गाव असंच वागेल हेही माहीत नसेल का? उत्तर आजही माझ्याकडे नाही. दारात अनोळखी गाडी थांबली की मी आता आधी वही फडताळात ठेवते, मग दार उघडते.

तीन दिवसांनी मी क्लार्कच्या ऑफिसात गेले. इतिवृत्त तयार झालं की बोललेल्या माणसानं आपले शब्द वाचून पाहायची आमच्याकडे रीत आहे. लोविनानं कागद माझ्यापुढे सरकवला. तिचं ते सुबक, उभं अक्षर.

'हेस्टर विनस्लो यांनी सांगितलं की कार्डांवरची नावं गावभेटीच्या वहीतून गेली. वही त्यांची आहे. त्यांनी ती एका अनोळखी व्यक्तीला पाहू दिली. क्लार्कच्या यादीचा यात संबंध नाही.'

बस. कॅप्टन नव्हता. खोडणं नव्हतं, न खोडणं नव्हतं.

"यात सगळं नाही आलं," मी म्हटलं.

"सभेच्या कामाचं तेवढं मी लिहिते." ती शिक्का पुसत होती. बराच वेळ पुसला, स्वच्छ झाला तरी. "आणि ती निळी वही माझ्या हाताखाली येत नाही. तिच्यात कुणाला ठेवायचं ते तू बघ."

मी सही केली. चहाची केटली कोपऱ्यात होती, गार. तिनं ती ठेवली नाही, आणि मीही विचारलं नाही.

पायऱ्या उतरून मी कोपऱ्यापर्यंत आले असेन, तेव्हा मागे खिडकी उघडल्याचा आवाज झाला.

"हेस्टर," ती म्हणाली, "पाकाचा तो डबा रिकामा झाला की आणून दे. तसे डबे आता मिळत नाहीत."

घरी जाऊन मी डबा उघडला. काठोकाठ होता. मी सकाळ-संध्याकाळ पावाबरोबर तो पाक खाऊ लागले, दोन दोन चमचे, घाईघाईनं.